कोपऱ्यावर उभी

बाहेरच्या खोलीत काका हसले, आणि आत ओट्यापाशी काकूंच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला. झालं ते एवढंच. कप फुटला नाही, चहा सांडला नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नसतं. माणूस आहे, हसणारच. पण हे हसणं काकूंच्या ओळखीचं होतं. आधी नाकातून फुर्रकन एक आवाज, मग खांदे हलायचे, मग डोळ्यांत पाणी. ते या घरात ऐकू येऊन इतके दिवस झाले होते की आता ते परत यायचं नाही असं काकूंनी मनाशी धरून टाकलं होतं, आणि त्याचं काय दुःख करायचं ते करूनही टाकलं होतं. आता ते परत आलं. आलं ते आलं, पण काकू आत असताना बाहेरच्या बाहेर आलं. काकूंनी कान टवकारले. काकांच्या मांडीवरच्या टॅब्लेटमधून एका बाईचा आवाज येत होता, घोगरा, जाडाभरडा, मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचेल असा. "अहो पेन्सिल, कुठे राहिलात? मी कोपऱ्यावर उभी आहे!" आणि काका, ज्यांना काल संध्याकाळी दारात उभं राहून किल्लीला किल्ली म्हणतात हे आठवलं नव्हतं, ते त्या टॅब्लेटवर ओणवे होऊन म्हणाले, "आलो, आलो. जरा दम धरा की!"

पेन्सिल म्हणजे काका. इमारतीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत, कारण जन्मभर त्यांनी कचेरीतल्या तिरप्या टेबलावर शहराचे नकाशे काढले होते. कुठल्या रस्त्याखालून पाण्याची नळी जाते आणि कुठल्या गल्लीला पुढे तोंड नाही हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. आणि कोपऱ्यावर उभी असलेली ती बाई म्हणजे शिट्टी. खरं नाव काय, देव जाणे. ती शाळेत मुलांना पळवण्याचं, उड्या मारायला लावण्याचं काम करायची, आता निवृत्त झाली होती, एकटी राहायची, आणि ती शहराच्या कुठल्या भागात राहते हेसुद्धा रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे सांगायचं नव्हतं. खेळात टोपणनावच घ्यायचं. तिनं शिट्टी घेतलं. बघा म्हणजे बाई कशी असेल ते.

रुग्णालयात विस्मरणाचा एक वेगळा विभाग होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या खेपेला काकांना तीन शब्द सांगितले होते, किल्ली, होडी, सफरचंद, आणि मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं होतं, "मघाचे शब्द आठवतात का?" काका खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर वर आली. काकूंना ते बघवेना. "किल्ली, होडी, सफरचंद," काकू म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि गोड आवाजात काकूंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्या बाकावर बसून काकू धुमसत राहिल्या होत्या. यात काय चुकलं? जन्मभर हेच तर करत आल्या होत्या त्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसायच्या तेव्हा निम्म्या शहराचे नंबर त्यांच्या तोंडावर असत. नाव सांगायचा अवकाश, की हात आपोआप त्या भोकाकडे जाई आणि लाइन जोडली जाई. घरीही तसंच. काकांनी नुसतं "अगं, ते आपले हे, ते कोण" म्हणायचं आणि काकूंनी तिथल्या तिथे नाव टाकायचं. लग्नं, बारशी, पत्ते, औषधं, कुणाचं कुणाशी वाकडं आणि का. "मी डोकं माझं हिच्याकडे ठेवायला दिलंय," असं काका चारचौघांत म्हणायचे, आणि काकूंना ते ऐकून बरं वाटायचं. दिलेली वस्तू त्यांनी नीट सांभाळली होती. आता कुणीतरी येऊन म्हणत होतं की ती परत करा.

औषधाबरोबर खेळ दिले होते. रोज सकाळी थोडा वेळ. डोक्याला व्यायाम, दुसरं काही नाही. पण त्या विभागातली मुलगी, जिला काकू खेळवाली म्हणत, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "खेळ अवघड नाहीत हो काकू, टिकून राहणं अवघड आहे. सगळे उत्साहानं सुरू करतात आणि मग टॅब्लेट कपाटात जातो. तुम्ही एकच करा. आठवण करून द्या, पण उत्तर देऊ नका. हात मागे बांधून उभं राहायचं आणि थांबायचं." काकूंनी मान हलवली होती. आणि घरी आल्यावर त्या काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. "तो नव्हे, हा. अहो, आत्ताच तर दाखवला. तो कोपऱ्यातला. तुमचं लक्ष कुठंय?" काका बोट मागे घ्यायचे. चार-आठ दिवसांत टॅब्लेट उशीखाली सापडायला लागला, मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात, मग एकदा चक्क चपलांच्या कपाटात. "अहो, खेळलात का?" "खेळलो." "कधी?" "मघाशी." लहान मुलासारखं खोटं बोलायला लागले होते, आणि काकूही लहान मुलाच्या आईसारख्या बोलायला लागल्या होत्या. दोघांनाही ते आवडत नव्हतं. शेवटी खेळवालीनं तोडगा काढला. तिनं काकांची जोडी लावून दिली.

जोडीचा खेळ असा. टॅब्लेटच्या पाटीवर गल्ल्या उमटायच्या. एक ठिपका त्या गल्ल्यांमधून वळत वळत घरापर्यंत जायचा आणि दिसेनासा व्हायचा. मग त्याच वाटेनं आपण जायचं, अर्धी वाट एकानं, अर्धी दुसऱ्यानं. पहिली अर्धी शिट्टीची. ती आपल्या घरी बसून बोटानं चालत चालत मधल्या कोपऱ्यापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. ती आल्याशिवाय काकांचा खेळ उघडायचा नाही, आणि काका तिथून पुढे घरापर्यंत पोचल्याशिवाय तिला पुढची वाट मिळायची नाही. म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात. वाट बरोबर आली की वळणं वाढायची, चुकत गेली की कमी व्हायची. आणि हवं तर एकमेकांना आवाजात निरोप धाडायचा. खेळवाली म्हणाली होती की स्वतःसाठी माणूस कंटाळा करतो, पण आपल्यासाठी कुणी खोळंबलंय म्हटलं की उठून बसतो. आणि काका उठून बसले. हाक मारायची गरज उरली नाही. दात घासून, दाढी करून ते टॅब्लेट घेऊन खिडकीपाशी जायचे. आणि हे काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, खेळायच्या आधी ते आरशासमोर केस विंचरायचे! पलीकडे फक्त आवाज जातो, चेहरा जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. या वयात, या डोक्यानं, डोक्यावर उरलेल्या त्या चार केसांचा भांग!

हे मत्सर करण्यासारखं नाही, असं काकू स्वतःला बजावत. म्हातारी बाई आहे, तिलाही विसरायला होतंय, खेळ औषधाचा आहे, डॉक्टरांनी दिलेला आहे. औषधाच्या बाटलीचा कुणी मत्सर करतं का? पण बाटली काही "कोपऱ्यावर उभी आहे" म्हणत नाही. रोज सकाळी आपला नवरा एका परक्या बाईबरोबर फिरायला जातो, घरातल्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, आणि परत येतो तेव्हा त्याचे गाल जरा गुलाबी झालेले असतात. याला काय म्हणायचं? काकूंच्या पोटात दुखायचं, अगदी खरोखर, बरगडीच्या खाली. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना त्यांना तो घोगरा आवाज ऐकू यायचा आणि हातातलं काम आपोआप जोरात व्हायला लागायचं. बाईचा आवाज गोड असता तर एक वेळ समजलं असतं. ही तर भांड्यात खडे घालून हलवावेत तशी बोलायची. "वा पेन्सिल! धारदार!" म्हणायची. आणि काका लाजायचे. लग्नाच्या दिवशीसुद्धा लाजले नव्हते.

आणि काकूंनी कधी त्यांच्याबरोबर चालून पाहिलंच नव्हतं असं थोडंच होतं? पहिली ओळखच चालता चालता झालेली. तो किस्सा काकू कुणीही घरी आलं की सांगत, आणि त्यांच्याइतका तो कुणाला सांगता यायचा नाही. काका तेव्हा कसल्याशा तारांचा नकाशा तपासायला एक्स्चेंजमध्ये आले होते. काकूंची पाळी संपली, बस चुकली, आणि हा लाजरा, बोटांना शाई लागलेला माणूस म्हणाला की मी घरापर्यंत सोडतो, मला सगळे रस्ते पाठ आहेत. "आणि मग काय सांगू!" इथे काकू थांबून सगळ्यांकडे बघायच्या. "शहराचा नकाशा काढणारा माणूस, आणि रस्ता चुकला! या गल्लीतून त्या गल्लीत, त्या गल्लीतून परत याच गल्लीत. मी घरी पोचले तेव्हा वडील फाटकापाशी उभे, आणि यांना तोंड लपवायला जागा नाही." सगळे हसायचे. काका कपात बघत मंद हसायचे. कधी कधी, "त्या दिवशी काय झालं, की," असं म्हणून ते स्वतः सुरुवात करायचे, पण एवढं बोलेपर्यंत काकूंचं पुढचं वाक्य तयार असायचं. लोकांना काकूंच्या तोंडूनच ऐकायचं असायचं. काकांनी कधी तक्रार केली नाही.

तर एके दिवशी काका केस कापायला खाली गेले. (आता केससुद्धा वेळच्या वेळी कापायला लागले होते.) टॅब्लेट खिडकीपाशीच राहिला. काकू तिथली धूळ पुसत होत्या, तो टुंगकन वाजला आणि आवाज आला, "पेन्सिल, मी कोपऱ्यावर उभी आहे!" काकूंनी फडकं खाली ठेवलं. एक्स्चेंजमध्ये एक गोष्ट होती, जी अख्ख्या नोकरीत त्यांनी मोडली नव्हती. लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा. कितीतरी जणी ऐकत बसायच्या, प्रेमाची भांडणं, भावांच्या वाटण्या, रडारड, आणि मग जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायच्या. काकूंनी त्या वाटेला जायचं नाही म्हणून कानाला खडा लावला होता. दोन माणसं बोलत असतात तिथे तिसऱ्याचं काय काम? आता त्या खुर्चीवर बसल्या, काकांच्या खुर्चीवर, जिथे उशीला त्यांच्या पाठीचा खळगा पडला होता, आणि त्यांनी बोट पाटीवर ठेवलं.

वाट सोपी होती. इतकी सोपी की काकूंना हसू आलं. डावीकडे, सरळ, उजवीकडे, घर. पुढची उघडली, एक वळण जास्त. तीही आली. काकूंच्या बोटांना जुनी ऊब चढली. बोर्डावर सगळे दिवे एकदम पेटायचे तेव्हा जसं व्हायचं, डोकं स्वच्छ, हात हलके, बाकी जग बंद. पुढची. त्याच्या पुढची. पलीकडे शिट्टीला आपली अर्धी वाट चालायला आता वेळ लागत होता, आणि काकू वाट बघत पाय हलवत होत्या. ये लवकर. ये ना. एवढी धावपटू ना तू? टॅब्लेट वाजला. "अहो पेन्सिल, आज खाल्लंत तरी काय? मी धापा टाकतेय इकडे!" काकूंना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच जराशी भीती वाटली. त्यांनी उत्तर धाडलं नाही. नुसती पुढची वाट चालून दाखवली, आणि त्याच्या पुढची, आणि शेवटी शिट्टी मध्येच कुठेतरी चुकली आणि खेळ थांबला. पाटी पुसून काकूंनी होती तिथे ठेवली. काका आले, कानामागे बारीक केस चिकटलेले, मानेवर पावडर. "कसे कापलेत?" त्यांनी विचारलं. "छान," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काकांना जेवायला आग्रह करून वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच. उशिरा आली, शिट्टीला कोपऱ्यापर्यंत यायलाच बऱ्याच खेपा कराव्या लागल्या असाव्यात, पण आली. काका भांग पाडून बसले होते. काकू आत होत्या आणि आतून ऐकत होत्या. ठिपका निघाला असणार. वळला असणार, पुन्हा वळला असणार, वळतच राहिला असणार. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग चुकल्याचा तो बारीकसा आवाज. पुन्हा शांतता. पुन्हा तो आवाज. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचं बोट पाटीच्या वर अधांतरी फिरत होतं, खाली उतरायला जागा मिळत नव्हती. कपाळावरची ती शीर वर आली होती. मशीनला माणूस कुठे कळतो, त्याला बोट तेवढं कळतं. कालचं बोट कुणाचं आणि आजचं कुणाचं हे त्याला कोण सांगणार? "काल तर येत होतं," काका स्वतःशीच म्हणाले. "परवा तर येत होतं मला." मग त्यांनी टॅब्लेट पालथा केला, वर वर्तमानपत्र ठेवलं, आणि काकूंकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "गेलं गं. एका रात्रीत गेलं बघ. आता काय ते तूच बघ."

सांगायचं म्हणजे का केलं हेही सांगायला हवं, आणि ते कुठल्या तोंडानं सांगणार? दोन दिवसांत येईल सगळं ताळ्यावर, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि खोटं कशाला बोला, त्या दोन दिवसांतला पहिला दिवस त्यांना सुखाचा गेला. घरात तो आवाज नव्हता. टॅब्लेट पालथा पडून मधूनमधून टुंग टुंग करायचा आणि कुणी बघत नव्हतं. कर म्हणावं किती टुंग टुंग करायचं ते. काका काकूंच्या मागे मागे असायचे, आणि सगळं त्यांनाच विचारायचे. पण मग काकूंच्या लक्षात यायला लागलं की ते सगळंच विचारतायत. पांढरा सदरा घालू की निळा. आता जेवायचं की आधी गोळी. केस विंचरलेले नव्हते. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सहज विचारलं, "काय काका, बरे आहात ना?" तर काकांनी वळून काकूंकडे पाहिलं, म्हणजे काकूंनी उत्तर द्यावं म्हणून. हेच हवं होतं ना काकूंना? डोकं पुन्हा ठेवायला मिळालं होतं, अगदी सगळंच्या सगळं, आणि आता ते हातात घेऊन उभं राहवत नव्हतं.

खेळवालीचा फोन आला. "काकू, काका खेळत नाहीयेत का? शिट्टीताईंचा खेळ अडकून पडलाय. त्यांना दुसरी जोडी देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, मी पेन्सिलसाठी थांबते म्हणाल्या." काकूंच्या बरगडीखाली पुन्हा दुखलं. थांबते म्हणे. "आणि काकू, एक विचारू? मध्ये एकाच दिवशी वळणं एकदम फार वाढलेली दिसतायत. काकांच्या नावावर दुसरं कुणी खेळलं का?" "छे!" काकू म्हणाल्या. "दुसरं आहे कोण घरात?" "मग हरकत नाही," ती म्हणाली. "चुकत गेलं की वळणं आपोआप कमी होतात. चढताना भराभर चढतात, उतरताना मात्र सावकाश उतरतात. काकांना म्हणावं, चुकू द्या खुशाल. पण त्यांनी सोडून दिलं ना काकू, तर पुन्हा धरत नाहीत माणसं. मी बघितलंय."

दुपारी काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. काकूंनी टॅब्लेट उचलला, स्वयंपाकघरात नेला, ओट्यापाशी स्टूल ओढलं आणि चुकायला बसल्या. आणि काय सांगावं, जमेना. ठिपका जाऊन दिसेनासा झाला की वाट त्यांच्या डोक्यात लख्ख उमटायची आणि बोट तिकडेच जायचं. डावीकडे जायचं तर बोटाला उजवीकडे ढकलावं लागे, हट्टी मुलाचा दंड धरून न्यावं तसं. एक वाट तर चुकून बरोबरच आली आणि काकूंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोट टेकलं तिथे टेकलं. चूक. पुन्हा चूक. पाटीवर तो नापास झाल्याचा बारीक आवाज, पुन्हा पुन्हा. कुणी त्यांना जन्मात नापास केलं नव्हतं. कानशिलं तापली, आणि तेवढ्यात निरोप वाजला. काकूंनी घाईनं आवाज कमी केला, पण ऐकायचं काही टळलं नाही. "आलात का पेन्सिल? बरं वाटलं बघा. आणि चुकताय ते चुकू द्या. मला काही घाई नाही. सावकाश या." त्यांनी पुन्हा चूक केली. "असू द्या," शिट्टी म्हणाली. पुन्हा. "असू द्या हो, मी आहे इथेच." इतकी कर्कश बाई, पण आवाजात कुठे खोच नाही, कंटाळा नाही, उपकार नाही. काकू ते ऐकत बसल्या आणि संतापाच्या जागी त्यांना एकदम रडायलाच आलं. म्हणजे हे एवढंच होतं. एवढंच काकांना तिच्याकडून मिळत होतं, आणि घरात इतक्या वर्षांत काकूंनी सगळं दिलं, नावं दिली, पत्ते दिले, शब्द हातात आणून दिले, पण हे दिलं नाही. सुचलंच नाही कधी. वळणं कमी होत होती, वाट आखूड होत चालली होती, आणि काकू डोळे पुसत एकेक चूक करत होत्या.

"कोण बोलतंय?" काका दारात उभे होते. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. त्यांनी टॅब्लेट पाहिला, काकूंचं बोट पाहिलं. काकूंना वाटलं, सांगावं की तुमच्यासाठी नीट करून ठेवत होते, बिघडला होता. जिभेच्या टोकावर होतं. "त्या दिवशी मी खेळले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही केस कापायला गेला होतात तेव्हा. तुमच्या नावावर. म्हणून तो तसा अवघड झाला. तुमचं काही गेलेलं नाही." काकांनी विचारलं, "मुद्दाम?" "हो." "का गं?" काकूंनी ओट्यावरचं फडकं उचलून त्यात तोंड खुपसलं आणि तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही हसलात म्हणून. तिच्याशी."

आता हे रागावतील, काकूंना वाटलं, आणि रागावले तर बरंच. पण काका स्टुलाशेजारच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिले, कचेरीत ओढायचे तशा. "मी पण एकदा मुद्दाम," ते म्हणाले आणि अडले. मुद्दाम काय? खेळलात? लपवलंत? काकूंच्या तोंडात पाचसहा शब्द एकदम गोळा झाले. त्यांनी ते गिळले. शीर वर आली, खाली गेली. "मुद्दाम चुकलो होतो," काका म्हणाले. "त्या दिवशी. तुला सोडायला आलो तेव्हा. बेकरीपाशी डावीकडे वळलं की तुझं घर दिसायचं. मला ठाऊक होतं. मी उजवीकडे वळलो."

काकूंनी फडकं खाली घेतलं. "मग पुन्हा उजवीकडे," काका सांगत होते. "तू बोलत होतीस. किती बोलत होतीस! म्हटलं, आत्ता घर आलं तर हे थांबेल. मग एका भिंतीला नुकताच रंग दिला होता. हिरवा. तुझं कोपर लागलं भिंतीला. मी पाहिलं. सांगितलं असतं तर तू घाबरून घरी पळाली असतीस. म्हणून नाही सांगितलं." काकूंना तो डाग आठवला, लख्ख आठवला, बाहीवरचा, कधीच न निघालेला, आणि तो धाकट्या बहिणीनं पाडला असं समजून तिच्याशी केलेलं भांडणही आठवलं, शब्द न् शब्द. पण भिंत आठवेना. तिथे नुसता अंधार होता. "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मी आपली सगळ्यांसमोर तुमची थट्टा करत बसले!" "तू छान सांगायचीस," काका म्हणाले. "लोक हसायचे. आणि मध्ये जागा कुठे मिळायची?" मग जरा थांबून, "तिला सांगितलं मी मागे एकदा. शिट्टीला. ती म्हणाली, हे मला काय सांगताय, घरी सांगा."

तिला आधी! बरगडीखालची ती कळ आलीच, पूर्वीच्याच जोरानं, काही कमी नाही. आपलीच गोष्ट, आपल्याच कोपराची, आणि ती आधी त्या बाईनं ऐकली. आणि वर उदार होऊन परत पाठवली. काकूंच्या डोळ्यांसमोर एकदा ती कधी न पाहिलेली बाई येऊन गेली, कंबरेवर हात ठेवून उभी. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण काका पुन्हा बोटानं टेबलावर वाट काढायला लागले होते. "त्या भिंतीच्या पुढे एक होतं," ते म्हणाले. "लोखंडी. तिथे तू टेकून उभी राहिलीस. तिथेच मी ठरवलं की हिला विचारायचं. ते, अगं, काय म्हणतात त्याला." त्यांनी काकूंकडे पाहिलं. आणि काकूंना ते माहीत नव्हतं. त्या तिथे गेल्या होत्या, टेकून उभ्या राहिल्या होत्या, आणि कशाला टेकल्या होत्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. "काय होतं?" त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

ओट्यावरचा टॅब्लेट टुंगकन वाजला. "पेन्सिल! येताय ना? मी कोपऱ्यावर उभी आहे!" काकूंनी सवयीनं तो उचलून काकांपुढे धरला. काय करणार, औषध ते औषध. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळाला आठ्या घालून ते त्या जुन्या गल्लीत शोधत होते.

"उभी राहू दे थोडी," ते म्हणाले. "हे आधी आठवू दे."

काकूंनी टॅब्लेट खाली ठेवला, ओठ घट्ट मिटून घेतले आणि थांबल्या.